भुईकाट्याचा इंडिकेटर आणि जुना पीसी: २५ पिन ते ९ पिन केबल केली पण पीसीवर वजन येत नाहीये

काट्यावरची_सांगली

नमस्कार मंडळी. आमचा सांगली जिल्ह्यात ४० टनी भुईकाटा आहे, ऊस, खडी, भुसार सगळं येतं. अण्णांनी २००१ ला घातला आणि तेव्हापासून इंडिकेटर (वजनाचा आकडा दाखवणारा डबा) तोच आहे, पावती काढायचा प्रोग्रामही तोच आहे, डॉसमधला, आणि तो ज्यांनी लिहून दिला ते आता हयात नाहीत त्यामुळे विचारायला कोणी नाही.

झालं असं की जुन्या पीसीच्या बोर्डावरचे कपॅसिटर फुगले आणि तो गेला. हंगाम तोंडावर म्हणून मी जुन्या बाजारातून एक पी-फोर आणला, त्यावर विंडोज ९८ टाकलं, प्रोग्राम कॉपी केला, प्रिंटर लगेच चालला, पावती छापली जाते. अडलंय ते फक्त वजन. जुन्या पीसीला मागे २५ पिनचा कॉम२ (सिरीयल पोर्ट) होता त्यात केबल जायची, नव्याला एकच ९ पिनचा कॉम१ आहे. प्रोग्रामच्या सेटिंग फाइलमध्ये कॉम२ चं कॉम१ केलं. इंडिकेटरच्या मागे २५ पिनची फिमेल आहे, वर नुसतं आरएस-२३२ लिहिलंय, मॅन्युअल हरवलंय.

मी नवीन केबल बनवली. तीन वायर पुरतात एवढं वाचलं होतं, म्हणून २ ला २, ३ ला ३ आणि २५ चा ७ नंबर ९ च्या ५ ला. सोल्डरिंग मला येतं, टोकं नीट बसलीयेत, कंटिन्युइटी तपासलीये. इंडिकेटरवर आकडा बरोबर दिसतो पण पीसीवर काहीच नाही, शून्यसुद्धा नाही. तालुक्यातल्या एका दुकानदाराने फोनवरच सांगितलं की इंडिकेटरचं कार्ड गेलंय, नवीन इंडिकेटर घ्या. माझा विश्वास बसत नाहीये कारण बोर्ड जायच्या आदल्या दिवसापर्यंत वजन येत होतं.

सध्या हाताने पावत्या लिहितोय आणि गाडीवाले हाताची पावती मानायला तयार नाहीत, रोज दोन-तीन भांडणं होतायत. कुठून सुरुवात करू सांगा.

पाटील_नेटकॅफे

ताई एवढी झंझट कशाला, यूएसबी टू सिरीयल कन्व्हर्टर घ्या आणि जुनी केबल तशीच लावा, काम झालं.

सोल्डर_आणि_मीटर

पाटील, कन्व्हर्टर इथे चालणार नाही. ताईंचा प्रोग्राम डॉसचा आहे, तो थेट कॉम पोर्टशी किंवा बायोसशी (बोर्डावरच्या मूळ प्रोग्रामशी) बोलतो, यूएसबीवाल्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये असतो, शुद्ध डॉसला तो पोर्ट दिसतच नाही. आणि बोर्डावर खरा कॉम१ असताना त्याची गरजही नाही.

ताई, आधी एक धोक्याचं सांगतो. त्या पी-फोरच्या मागे २५ पिनची गुलाबी फिमेल असेल, ती प्रिंटरची पॅरलल आहे, सिरीयल नाही. जेंडर चेंजर लावून जुनी केबल त्यात घालायचा मोह होतो आणि लोकांनी तसं केलेलं मी पाहिलंय. सिरीयलच्या लाइनवर उणे-अधिक १२ व्होल्टपर्यंत असतात, पॅरलल ५ व्होल्टची आहे, पोर्ट जळू शकतो. तसं केलं नसेल तर उत्तम.

आता मूळ मुद्दा. २५ पिनवर पीसीचा टीएक्स (पाठवणारी लाइन) २ नंबरला आणि आरएक्स (ऐकणारी लाइन) ३ ला असतो. १९८४ मध्ये आयबीएमने एटी कॉम्प्युटर काढला तेव्हा सिरीयलला ९ पिनचा कनेक्टर दिला आणि त्यावर हे दोन उलटे झाले, आरएक्स २ ला, टीएक्स ३ ला. म्हणजे २५ कडून ९ कडे जाताना २ ला २ जोडलं की सरळ जोडल्यासारखं वाटतं पण प्रत्यक्षात क्रॉस झालेलं असतं. तुमची जुनी केबल सरळ होती का क्रॉस हे आपल्याला माहीत नाही, इंडिकेटर आतून कसा वायर केलाय तेही माहीत नाही, त्यामुळे नुसतं २-३ आलटून पालटून बघा असं मी सांगणार नाही. टीएक्स लिहिलेलं असतं तरी मी त्यावर विसंबलो नसतो कारण टीएक्स म्हणजे कोणाचा टीएक्स हे लिहिणारा ठरवतो, कोणी मशीनच्या बाजूने लिहितो, कोणी पीसीच्या. मीटर मात्र खोटं सांगत नाही.

केबल दोन्हीकडून काढा. मीटर डीसी २० व्होल्टवर. सिरीयलमध्ये पाठवणारी लाइन गप्प असते तेव्हा उणे व्होल्टेजवर बसलेली असते, उणे ५ ते उणे १२ च्या आसपास. ऐकणारी पिन मोकळी असेल तर शून्याच्या जवळ दाखवते, कारण आत ग्राउंडला ३ ते ७ किलोओहमचा रेझिस्टर असतो. म्हणजे जिथे उणे दिसलं ती बोलणारी पिन, जिथे शून्य दिसलं ती ऐकणारी.

पीसीकडे काळी प्रोब ५ ला, लाल आधी २ ला मग ३ ला. इंडिकेटरकडे काळी ७ ला, लाल २ ला मग ३ ला. फिमेलच्या भोकात प्रोब जात नाही, मी टाचणी घालून तिला प्रोब टेकवतो. पिनचे नंबर कनेक्टरच्या प्लास्टिकवर अगदी बारीक कोरलेले असतात, बॅटरी मारून वाचा, मागच्या सोल्डरच्या बाजूने मोजायला गेलात तर आरशासारखं उलटं होतं आणि तिथे माणूस हमखास चुकतो.

पीसीचा पोर्टही तपासा. ९ पिनच्या २ आणि ३ ला एकमेकांत शॉर्ट करा, विंडोजमध्ये हायपरटर्मिनल (पोर्टवर काय येतं-जातं ते दाखवणारा प्रोग्राम) उघडा, फ्लो कंट्रोल नन, लोकल इको बंद, आणि टाइप करा. अक्षरं उमटली तर पोर्ट चांगला.

काट्यावरची_सांगली

गुलाबीत काही घातलं नाही, देवाची कृपा.

टाचणीची युक्ती जमली. पीसीकडे ३ वर उणे ११.३, एकदम स्थिर, २ वर ०.०. इंडिकेटरकडे २ वर शून्य, आणि ३ वर विचित्र आहे, उणे ६ ते उणे ८ च्या मध्ये आकडा सारखा थरथरतोय, एका जागी थांबत नाही. हे बिघाडाचं लक्षण आहे का? लूपवाली टेस्ट केली, जे टाइप करते ते उमटतंय, शॉर्ट काढला की बंद.

सोल्डर_आणि_मीटर

ताई, बिघाड नाही, ती तर चांगली बातमी आहे! काही इंडिकेटर मागितल्यावर वजन देतात, तुमचा सतत पाठवतोय. एकेक बिट उणे-अधिक होतं, मीटर एवढ्या वेगाला पकडू शकत नाही, सरासरी दाखवतं, म्हणून थरथर. इंडिकेटरचं कार्ड जिवंत आहे, नवीन घेऊ नका.

आणि दोष सापडला. इंडिकेटर ३ वरून बोलतो, पीसी ९ पिनच्या ३ वरून बोलतो, तुम्ही ३ ला ३ जोडलंय. दोन बोलणारे एका वायरवर आणि दोन ऐकणारे दुसऱ्या वायरवर. या लाइन शॉर्ट सहन करतील अशाच बनवलेल्या असतात त्यामुळे काही जळलं नाही. आता २५ चा ३ हा ९ च्या २ ला, २५ चा २ हा ९ च्या ३ ला, ७ ते ५ आहे तसंच.

(दुसरं कोणी वाचत असेल तर: पीसीच्या ३ वर उणे नसून शून्य आलं असतं तर पॉवर सप्लायची निळी वायर बघा, ती उणे १२ ची असते. ती गेली तरी जुना पीसी नीट चालू होतो, फक्त सिरीयल मुकं होतं.)

भोसरी_सीएनसी

वरचं सगळं बरोबर. दोन गोष्टी माझ्या बाजूने.

एक, केबल लावायच्या आधी मीटर एसीवर ठेवून इंडिकेटरच्या ७ आणि पीसीच्या ५ मध्ये किती व्होल्ट येतात ते बघ ताई. काट्याची अर्थिंग वेगळी आणि ऑफिसची वेगळी असेल तर दोन ग्राउंडमध्ये फरक असतो आणि तो सगळा त्या बारीक वायरमधून वाहतो. आमच्याकडे एका शेडमध्ये लेथची बॉडी आणि पीसीमध्ये ४० व्होल्टच्या वर मिळाले होते, तिथे वर्षात तीन पोर्ट गेले, मग ऑप्टो-आयसोलेटर (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा) टाकला आणि थांबलं. भुईकाटा तर उघड्यावर असतो, वळवाच्या पावसात वीज कडाडली की पहिला फटका लोडसेलच्या (काट्याखालच्या वजन मोजणाऱ्या सेन्सरच्या) केबलला आणि मग इथे. शील्ड असेल तर ती एकाच टोकाला जोड, दोन्हीकडे नको.

दोन, जुन्या केबलचं पीसीकडचं हूड (कनेक्टरचं कव्हर) उघडून बघ. आत ४-५ आणि ६-८-२० असे छोटे लूप आहेत का? आमच्या फॅनक कंट्रोलच्या केबलला २५ पिनवर हेच लूप असतात, शाळेतल्या पाढ्यासारखे पाठ झालेत. पिन ४ म्हणजे आरटीएस, मी पाठवू का असं विचारणारी, ५ म्हणजे सीटीएस, हो पाठव म्हणणारी. समोरचं मशीन जर या लाइन वापरतच नसेल तर पीसीला खोटा होकार देण्यासाठी त्याचीच लाइन त्याला परत द्यायची. ते लूप नसले तर तीन वायर बरोबर असूनही काही प्रोग्राम हलतच नाहीत.

काट्यावरची_सांगली

एसी ०.४ व्होल्ट आला, म्हणजे ठीक ना?

केबल बदलली आणि हायपरटर्मिनलमध्ये डेटा यायला लागला!! अण्णा शेजारी उभे होते, त्यांनी लगेच चहा सांगितला. पण अजून दोन अडचणी आहेत आणि दुसरी मला अजिबात कळत नाहीये.

पहिली, डॉसच्या प्रोग्राममध्ये अजूनही काही नाही, स्क्रीन थिजल्यासारखी होते. भोसरीवाल्या दादांचं वाचून जुनं हूड उघडलं, आत खरंच ४-५ ला एक निळी वायर आणि ६-८-२० ला उघड्या तारेचा तुकडा आहे. एवढी वर्षं केबल वापरली, आत हे आहे माहीतच नव्हतं. ९ पिनवर हे कुठे कुठे जातं?

दुसरी, हायपरटर्मिनलमध्ये जे येतंय ते अर्धवट बरोबर आहे. मी स्पीड २४०० ठेवलाय कारण इंडिकेटरच्या झाकणाच्या आत स्टिकरवर तेवढं एक लिहिलंय, बाकी ८ बिट, पॅरिटी नाही, स्टॉप १, सगळीकडे हेच सांगतात म्हणून. काटा रिकामा असताना शून्यं नीट येतात. रिकामी ट्रॉली आली, ५९३०, तेही अगदी नीट. भरलेली आली, इंडिकेटरवर १७४२०, आणि पीसीवर चार विचित्र चिन्हं आणि शेवटी एक शून्य. गाडी उतरली की परत शून्यं नीट. त्यामुळे अण्णा म्हणतायत लोड आला की काहीतरी बिघडतंय, लोडसेल बघायला हवा. शिवाय ओळी एकाखाली एक न येता पायऱ्यांसारख्या उजवीकडे सरकत खाली जातात, शून्य असतानाही.

पाटील_नेटकॅफे

बॉड रेट (स्पीड) चुकला असेल, ९६०० करून बघा. आणि कन्व्हर्टरचं मागे घेतो, डॉस आहे हे मी नीट वाचलं नव्हतं.

सोल्डर_आणि_मीटर

०.४ म्हणजे उत्तम, बिनधास्त लावा.

पाटील, बॉड चुकला असता तर सगळेच आकडे बिघडले असते, शून्यं आणि ५९३० नीट आलेच नसते. आणि अण्णांना सांगा लोडसेलला हात लावू नका, इंडिकेटरवर १७४२० बरोबर दिसतंय म्हणजे लोडसेलचं काम तिथेच संपलं. बिघाड वजनामुळे होत नाहीये, आकड्यांमुळे होतोय. कोणते आकडे नीट आले? ०, ३, ५, ९. कोणते बिघडले? १, २, ४, ७. ताई, तुम्ही हे दोन आकडे दिलेत म्हणून चटकन लक्षात आलं, नाहीतर मी अजून अंदाज करत बसलो असतो.

अस्कीमध्ये प्रत्येक आकड्याचा सात बिटांचा कोड असतो. ३ चा ०११००११, त्यात १ हा अंक चार वेळा, सम. १ चा ०११०००१, त्यात तीन वेळा, विषम. तुमचा इंडिकेटर सात बिट आणि इव्हन पॅरिटीवर सेट आहे, म्हणजे एकूण बेरीज सम व्हावी म्हणून तो आठवं बिट स्वतः भरतो. ०, ३, ५, ६, ९ यांची बेरीज आधीच सम, तिथे आठवं बिट शून्य जातं, तुमच्या आठ बिटांच्या सेटिंगला काही फरक कळत नाही. १, २, ४, ७, ८ यांच्यात आठवं बिट १ होतं, आणि पीसी त्याला डेटाचाच भाग समजून भलतंच चिन्ह दाखवतो. सात अधिक पॅरिटी आणि आठ बिनपॅरिटी, दोन्हीची लांबी सारखीच असते म्हणून पीसी तक्रार करत नाही, मुकाट्याने चुकीचं घेतो. ४० टनी काट्यावर वजन ५ किंवा १० किलोच्या टप्प्याने सरकतं, शेवटचा आकडा ० नाहीतर ५, म्हणून तो कायम नीट दिसणार.

पायऱ्यांचं कारणही तेच. ओळ संपली की कॅरेज रिटर्न येतो, तो १३ नंबरचा कोड, त्यात १ हा अंक तीन वेळा, विषम, म्हणून तो बिघडतो आणि कर्सर डावीकडे परत जात नाही. लाइन फीड १० नंबरचा, दोन वेळा, सम, तो चालतो, म्हणून ओळ खाली मात्र सरकते. हायपरटर्मिनलमध्ये ७ बिट, इव्हन, १ स्टॉप करा, दोन्ही एकदमच सुटेल.

आता डॉसचं. ९ पिनवर ७ आणि ८ एकत्र, आणि १, ४, ६ एकत्र, पीसीकडच्या हूडमध्ये. वायर इंडिकेटरपर्यंत न्यायची नाही, तिथल्या तिथे लूप. हायपरटर्मिनलला घेताना या लाइनची पर्वा नसते, पण जुने डॉस प्रोग्राम बायोसकडून डेटा मागतात, आणि आयबीएमचा मूळ बायोस आधी डीएसआर म्हणजे ६ नंबर वर आहे का बघतो, समोर मशीन चालू आहे अशी खात्री झाल्याशिवाय पुढे जात नाही. तुमच्याकडे ६ अधांतरी आहे, तो वाट बघत बसतो, म्हणून स्क्रीन थिजते.

आणि जुनी हार्डडिस्क आहे ना? तिच्यातली ऑटोएक्झेक.बॅट (पीसी सुरू होताना आपोआप चालणारी फाइल) उघडा, मोड ने सुरू होणारी ओळ शोधा आणि जशीच्या तशी इथे टाका.

काट्यावरची_सांगली

सापडली.

मोड कॉम२:२४,ई,७,१

म्हणजे उत्तर घरातच होतं, २४ म्हणजे २४००, ई म्हणजे इव्हन, ७ बिट. नव्या मशीनवर मी कुठलं तरी वाचून कॉम१:२४,एन,८,१ अशी ओळ लिहिली होती.

भोसरी_सीएनसी

ताई ही चूक सगळ्यांची होते, ८-एन-१ एवढं कानावर पडलेलं असतं की माणूस दुसरं काही धरतच नाही. आमच्या मशीनवर ४८००, सात बिट, इव्हन, दोन स्टॉप, नवीन पोरगा आला की पहिल्या आठवड्यात ८-एन-१ ठेवतोच आणि प्रोग्राम अर्धा कचरा जातो. लूप करताना ४ ते ६ ची तार शेजारच्या ५ ला टेकत नाही ना ते बघ, ५ वरच्या ओळीत आहे आणि ९ पिनच्या हूडमध्ये जागा फार कमी असते. स्लीव्ह घाल.

काट्यावरची_सांगली

झालं!!! लूप टाकले (स्लीव्ह घालून), कॉम१:२४,ई,७,१ केलं, मशीन रीस्टार्ट केलं, प्रोग्राम उघडला आणि उघडताक्षणी स्क्रीनवर शून्य आलं. एवढ्या शून्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. मग बाहेर उभा असलेला एक उसाचा ट्रॅक्टर घेतला, इंडिकेटरवर १८२४०, पीसीवर १८२४०, पावतीवर १८२४०. त्यात मुद्दाम तेच आकडे आले जे आधी बिघडत होते. ड्रायव्हरने पावती हातात घेऊन इंडिकेटरकडे बघितलं, परत पावतीकडे बघितलं, आणि काही न बोलता घडी घालून खिशात ठेवली. त्यानंतर दुपारपर्यंत एकवीस गाड्या झाल्या, एकही आकडा चुकला नाही.

दोघांचे मनापासून आभार. मीटर उणे दाखवतं ती बोलणारी पिन, हे मी काट्याच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय, खाली केबलची आकृतीही काढलीये.

शेवटचं एक विचारते. पुढच्या वर्षी ऑफिस रस्त्याच्या बाजूला नेतोय, काट्यापासून साधारण ४० मीटर पडेल. हीच केबल लांब करून चालेल का?

सोल्डर_आणि_मीटर

फार बरं वाटलं वाचून ताई.

४० मीटरला हे नको. आरएस-२३२ साठी जुन्या स्टँडर्डमध्ये ५० फूट म्हणजे १५ मीटर धरलेत. २४०० एवढ्या कमी स्पीडला चांगल्या केबलवर जास्त लांब गेलेलं मी पाहिलंय, पण तुमच्याकडे एक आकडा चुकला तर भांडण होतं, तिथे नशिबावर सोडू नका. दोन्ही टोकांना आरएस-४८५ चे कन्व्हर्टर टाका, आयसोलेशनवाले, मध्ये शील्ड असलेली ट्विस्टेड पेअर. ते १२०० मीटरपर्यंत जातं, आणि भोसरीवाल्यांनी सांगितलेला अर्थिंगचा प्रश्नही त्यातच मिटतो. इंडिकेटर आणि प्रोग्राम दोन्हीला कळणारही नाही की मध्ये काही बदललंय.

आणि ती जुनी हार्डडिस्क आजच कॉपी करून दोन ठिकाणी ठेवा. २००१ ची असेल तर ती आज चालू झाली हेच पुष्कळ आहे, आणि तो प्रोग्राम परत लिहून देणारं कोणी नाही.

काट्यावरची_सांगली

कॉपी लावलीये, आत्ता चालू आहे. एक पेन ड्राइव्ह घरी, एक अण्णांच्या कपाटात.